दुवा दाबूनहि प्रोग्राम उघडत नाहीं : दोष कोठें व उपाय कोणता ?

शेतकऱ्याचें दप्तर पूर्वीं चावडींत असे. आतां तें पुष्कळ अंशीं मोबाइलच्या पडद्यावर आलें आहे. १ मे २०१८ पासून महाराष्ट्रांत डिजिटल स्वाक्षरीचा सात-बारा उतारा संकेतस्थळावरून मिळूं लागला. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू होऊन पिकाची नोंद खातेदारानें स्वतः मोबाइलवरून करावी असें ठरलें. उताऱ्याच्या प्रतीचे १५ रुपयेहि घरबसल्या भरतां येतात. यायोगें कचेरीचे हेलपाटे वांचले, हें निर्विवाद आहे. परंतु या सोयीबरोबर एक नवी अडचण आली असून तिजविषयीं पेण व रोहें या दोन तालुक्यांतील सभासदांकडून आमच्याकडे वारंवार विचारणा होते. पानावरील दुवा, म्हणजे सर्व लोक ज्यास लिंक म्हणतात तो, दाबला असतां जो प्रोग्राम उघडावयास पाहिजे तो उघडत नाहीं. पैसे भरण्याच्या बटणावर बोट ठेवावें तर पैशाचें अॅप येत नाहीं. टपालाच्या पत्त्यावर दाबावें तर पत्राचा कागद पुढें येत नाहीं. आणि पडद्यावर एक अक्षरहि उमटत नसल्यामुळें चूक आपली कीं यंत्राची हें कळत नाहीं.

वरवर पाहतां ही बाब क्षुल्लक वाटेल. पण ती बहुधा मुदतीच्या शेवटच्या दिवशींच उपस्थित होते. पिकाची नोंद राहिली तर आधारभूत किंमतीच्या भातखरेदीस अथवा नुकसानभरपाईच्या अर्जास अडथळा येतो. उतारा वेळेवर न मिळाला तर पीककर्जाचें नूतनीकरण रखडतें. अशा घाईच्या वेळीं मनुष्य तेंच बटण दहा वेळां दाबतो, अथवा कोणी अनोळखी इसम "मी करून देतों" म्हणाला कीं त्याच्या हातीं आपल्या फोनच्या किल्ल्या देतो. दुव्याचा बिघाड दुरुस्त होण्यासारखा असतो. या दुसऱ्या चुकीनें झालेली हानि मात्र बहुधा भरून निघत नाहीं. म्हणून या विषयाची थोडी खोलांत जाऊन माहिती देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

भाताचें रोप पिवळें पडलें म्हणजे जाणता शेतकरी लगेच औषध फवारीत नाहीं. मुळाशीं पाणी साचलें आहे काय, नत्र कमी पडलें काय, कीं खोडांत किडा शिरला आहे, हें तो आधीं पाहतो. न उघडणाऱ्या दुव्याचेंहि तसेंच आहे. बाहेरून लक्षण एकच दिसतें. कारणें चार-पांच असतात. तीं कोठें कोठें संभवतात हें एकदां ध्यानांत आलें म्हणजे निदान कोणासहि करतां येईल.

चिठ्ठी व तिचे चार हात

दुवा स्वतः कोणतेंच काम करीत नाहीं. ती केवळ एक चिठ्ठी आहे. चिठ्ठीच्या आरंभीं, एकाखालीं एक अशा दोन टिंबांच्या पूर्वीं, एक शब्द असतो, आणि चिठ्ठी कोणाच्या हातीं द्यावयाची हें त्या शब्दावरून ठरतें. तो शब्द 'एचटीटीपीएस' असा असेल तर पान ब्राउझर स्वतःच उघडतो. 'मेलटू' असेल तर चिठ्ठी टपालाच्या प्रोग्रामकडे जाते. 'टेल' असेल तर फोन लावणाऱ्याकडे. 'यूपीआय' असेल तर पैसे भरणाऱ्या अॅपकडे. टिंबांच्या पुढील मजकूर म्हणजे कामाचा तपशील होय. यूपीआयच्या चिठ्ठींत कोणास व किती रुपये द्यावयाचे हें लिहिलेलें असतें. ही पद्धत आजची नव्हे. टिम बर्नर्स-ली व त्यांचे दोन सहकारी यांनीं डिसेंबर १९९४ मध्यें प्रसिद्ध केलेल्या नियमपत्रांत 'मेलटू' हा शब्द आलेला आहे. यूपीआय २०१६ सालीं सुरू झाल्यावर त्याचा शब्द या मालिकेंत येऊन बसला.

अशी चिठ्ठी चार हातांतून जाते. पहिला हात पानाचा. तें चिठ्ठी लिहून देतें. दुसरा ब्राउझरचा, तो मालकाची परवानगी विचारतो. तिसरा यंत्राच्या मूळ प्रणालीचा, म्हणजे विंडोज, अँड्रॉइड इत्यादींचा. तिच्यापाशीं कोणत्या शब्दाचें काम कोणत्या प्रोग्रामकडे आहे याची नोंदवही असते. चौथा हात त्या प्रोग्रामचा. तो चिठ्ठी वाचून कामास लागतो. या चारांपैकीं एकानें हात आंखडला कीं काम थांबतें, आणि पुष्कळदां तें कांहींहि न सांगतां थांबतें.

ब्राउझरनें मध्येंच परवानगी कां विचारावी, असें कोणी म्हणेल. पेण तालुक्यांतील खारभूमीच्या शेतकऱ्यास याचें उत्तर सांगावयास नको. खाडीच्या बांधास उघाडी असते. ओहोटीच्या वेळीं शेतांत सांचलेलें पावसाचें पाणी तिच्यावाटे बाहेर जातें, आणि भरती आली म्हणजे खारें पाणी आंत शिरूं नये म्हणून तिचें दार मिटतें. उघाडी नसेल तर पीक कुजतें. उघाडी सताड राहिली तर जमीन खारी होते. ब्राउझर हा बांध आहे. बाहेरच्या जगांतील पानें त्यानें आपल्या यंत्रापासून अलग ठेविलेलीं असतात, आणि दुवा दुसऱ्या प्रोग्रामकडे देण्याची वाट ही त्याची उघाडी होय. ती वाट निष्काळजीपणें मोकळी राहिली तर काय होतें याचें उदाहरण मे २०२२ मध्यें जगानें पाहिलें. विंडोजमध्यें बिघाड तपासण्याचा एक लहानसा प्रोग्राम असून त्याच्याकडे चिठ्ठी नेणारा एक शब्द नोंदवहींत होता. लबाड लोकांनीं कागदपत्रांतून त्या शब्दाच्या चिठ्ठ्या पाठवून परक्यांच्या संगणकांवर आपले हुकूम चालविले. जून २०२२ मध्यें दुरुस्ती येईपर्यंत मायक्रोसॉफ्टनें तात्पुरता उपाय सांगितला तो हाच कीं, ती नोंदच वहींतून काढून टाकावी. ब्राउझर विचारतो तो प्रश्न उपद्रव नसून राखणदारी आहे, हें यावरून दिसून येईल.

नोंदवहीचा दृष्टांत तर सात-बारा वाचणाऱ्यास परिचितच आहे. जमीन विकली गेली पण फेरफार झाला नाहीं, तर उताऱ्यावर जुनेंच नांव राहतें व कागद त्याच नांवानें निघतात. एकाच गटावर दोघे हक्क सांगतात तेव्हां गोंधळ होतो. यंत्राच्या नोंदवहींत या दोन्ही गोष्टी घडतात. प्रोग्राम काढून टाकला तरी त्याच्या नांवची नोंद मागें राहते. किंवा नवीन प्रोग्राम घातला कीं तो आधींच्याचें काम आपल्या नांवावर करून घेतो. अशा वेळीं चिठ्ठी जाते, परंतु घरीं कोणी नसतें, अथवा भलताच दार उघडतो.

पेणकडील उदाहरण

पेण तालुक्यांतील आमच्या एका सभासदांनीं बियाण्याच्या चौकशीसाठीं एका पानावरील टपालपत्त्याचा दुवा दाबला. घरीं विंडोजचा संगणक आहे. दुवा दाबतांच बाण क्षणभर हलला व पुन्हा स्वस्थ झाला. दुसऱ्या ब्राउझरमधून पाहिलें, तेथेंहि तोच प्रकार. पान बिघडलें आहे असा त्यांचा समज झाला होता.

आम्हीं त्यांस एक सोपी कसोटी सांगितली. कळफलकावरील विंडोजची खूण व 'आर' हीं दोन बटणें एकदम दाबावीं. एक लहान चौकट येते. तींत 'मेलटू' हा शब्द रोमन लिपींत लिहून, दोन टिंबें देऊन, पुढें कोणताहि टपालपत्ता लिहावा व एंटर दाबावें. येथें ब्राउझरचा संबंधच राहत नाहीं. चिठ्ठी आपण आपल्या हातानें थेट नोंदवहीपाशीं नेतों. टपालाचा प्रोग्राम उघडला, तर नोंदवही व प्रोग्राम दोन्ही ठीक असून दोष ब्राउझरकडे किंवा पानाकडे आहे. न उघडला, तर ब्राउझर निर्दोष आहे. एका कसोटीनें निम्मी शंका निघून जाते.

त्यांच्या संगणकावर कांहींच उघडलें नाहीं. चौकशी करतां असें समजलें कीं, मागील महिन्यांत दुरुस्ती करणाऱ्यानें टपालाचा जुना प्रोग्राम काढून टाकला होता. नोंद मात्र त्याच्याच नांवें उभी होती. सेटिंग्जमध्यें 'अॅप्स', त्यांत 'डिफॉल्ट अॅप्स', आणि तेथें दुव्याच्या प्रकारानुसार प्रोग्राम निवडण्याची सोय असते. तेथें 'मेलटू'समोर योग्य नांव घालतांच दुवा चालूं लागला. सांगावयाची गोष्ट ही कीं, बियाण्याचें पत्र त्या दिवशीं धाडावयास याहि दुरुस्तीची आवश्यकता नव्हती. पत्ता पडद्यावर स्पष्ट दिसत होता. तो उतरवून घेऊन आपल्या नेहमींच्या टपालपेटींतून पत्र लिहितां आलें असतें. दुवा ही सोय आहे, ती एकच वाट नव्हे, हें ध्यानांत ठेविल्यास अर्धी घाबरगुंडी कमी होईल.

रोह्याकडील उदाहरण

दुसरा प्रसंग रोहें तालुक्यांतील, कुंडलिकेच्या कांठच्या एका गांवचा. तेथील एका वयोवृद्ध खातेदारांस पीककर्जाच्या कागदांसाठीं त्याच सायंकाळपर्यंत उतारा पाहिजे होता. शुल्क भरण्याचा दुवा त्यांस एका समाजमाध्यमाच्या अॅपमध्यें कोणी धाडला होता व तेथूनच त्यांनीं तो उघडला. पान आलें, माहिती भरली, यूपीआयचें बटण दाबलें. तों पांढऱ्या पडद्यावर इंग्रजी अक्षरें उमटलीं, 'एरर अननोन यूआरएल स्कीम'. त्यांनीं तें बटण चार वेळां दाबलें. मग इंटरनेटवर मदतीचा नंबर शोधून फोन लाविला. पलीकडचा इसम मोठ्या अदबीनें बोलला आणि "मी एक अॅप पाठवितों, तें घाला, तुमचा पडदा मला इकडे दिसेल, मी पैसे भरून देतों," असें म्हणाला. अॅप येऊन पडलेंहि होतें. सुदैवानें त्यांच्या सुनेनें तें घालण्यापूर्वीं आम्हांस विचारलें.

आम्ही तेथें गेलों तेव्हां आजोबा ओटीवर फोन हातांत धरून बसले होते. ते म्हणाले, "अहो, माणूस फार चांगला होता, मीच उगाच सगळ्यांस तसदी दिली." त्यांची समजूत घालावयास वेळ लागला. पडद्यावरील वाक्याचा अर्थ मात्र सरळ होता : चिठ्ठीवरील पहिला शब्द मला ओळखीचा नाहीं. तसें कां व्हावें ? कारण तें पान खऱ्या ब्राउझरमध्यें उघडलेंच नव्हतें. पुष्कळ अॅप्समध्यें दुवे दाखविण्यासाठीं स्वतःची एक आंतली खिडकी असते. ती ब्राउझरसारखी दिसते, पण तिला उघाडी नसते. पान दाखवावें इतकेंच तिचें काम. यूपीआयची चिठ्ठी पुढें कोणास द्यावी हें तिला माहीत नसतें. वरच्या कोंपऱ्यांतील तीन टिंबांवर दाबून 'ब्राउझरमध्यें उघडा' अशा अर्थाची ओळ निवडतांच तेंच पान क्रोममध्यें आलें, तेंच बटण दाबलें आणि पैशाचें अॅप पुढें उभें राहिलें. उतारा सायंकाळच्या आंत मिळाला. आलेलें परकें अॅप आम्हीं त्यांच्यादेखत पुसून टाकलें.

त्या अॅपनें काय केलें असतें हें सांगणें कठीण नाहीं. आपला पडदा दुसऱ्यास दिसूं लागला कीं बँकेचे आंकडे व संदेशांतून येणारे गुप्त अंकहि त्यास दिसतात. पंधरा रुपयांच्या कामापायीं हंगामाची सर्व पुंजी गेली असती.

तपासणीचा क्रम

वरील दोन प्रसंगांवरून व इतर अनुभवांवरून आम्ही पुढील क्रम सुचवितों. तो याच ओळीनें पाळावा. मधली पायरी गाळूं नये.

१. प्रथम चिठ्ठी पाहावी. संगणकावर दुव्यावर बाण नुसता नेऊन ठेविल्यास, व मोबाइलवर बोट कांहीं वेळ दाबून धरल्यास, दुव्याचा मजकूर बहुधा दिसतो. आरंभींचा शब्द कोणता आहे तें वाचावें. संदेश पुढें पुढें पाठवितांना लांब दुवा मध्येंच तुटतो, त्यांत मोकळी जागा पडते किंवा शेवटीं पूर्णविराम चिकटतो. असा दुवा कितीहि दाबला तरी व्यर्थ. मूळ पानावरून तो पुन्हा घ्यावा.

२. मग खिडकी पाहावी. पान कोणत्या अॅपच्या आंत उघडलें आहे ? आंतल्या खिडकींत असेल तर रोह्याच्या उदाहरणाप्रमाणें तें ब्राउझरमध्यें न्यावें. क्रोमच्या यादींत 'डेस्कटॉप साइट' या ओळीपुढें खूण केलेली असेल तर ती काढावी. ती खूण असतां पान मोबाइलला संगणक समजतें आणि अॅप उघडण्याचें बटण दाखवीत नाहीं. उलट खऱ्या संगणकावर बसून यूपीआय अॅप उघडण्याची अपेक्षा करूं नये. तेथें तें अॅप नसतेंच; पडद्यावर येणारी चौकोनी क्यूआर खूण मोबाइलनें वाचावी.

३. त्यानंतर परवानगी. संगणकावर क्रोम 'अमुक प्रोग्राम उघडूं काय' असें विचारतो. घाईंत आपण 'कॅन्सल' दाबतों व मग दुवा मेला असें म्हणतों. बटण न दाबतां पान आपण होऊनच प्रोग्राम उघडूं पाहील, तर ब्राउझर तें अनेकदां रोखतो. म्हणून पानावर पर्यायी बटण असल्यास तें आपल्या हातानें दाबावें. या प्रश्नाच्या चौकटींत 'नेहमीं परवानगी द्या' अशीहि एक जागा असते. ओळखीच्या व रोजच्या पानाखेरीज तेथें खूण करूं नये. सताड उघाडीचें वर वर्णन केलेंच आहे.

४. चौथी पायरी नोंदवहीची. विंडोजवरील कसोटी पेणच्या उदाहरणांत आली आहे. फायरफॉक्स हा ब्राउझर आपली स्वतंत्र यादीहि ठेवितो. त्याच्या सेटिंग्जमध्यें 'जनरल' या भागांत 'अॅप्लिकेशन्स' म्हणून ती असते. तेथें एखाद्या शब्दापुढें चुकीचा प्रोग्राम बसला असेल तर 'दर वेळीं विचारा' असें करावें. अँड्रॉइडवर त्या त्या अॅपच्या माहितीच्या पानावर 'ओपन बाय डिफॉल्ट' ही ओळ असते. भलतेंच अॅप उघडत असेल तर तेथील जुनी निवड पुसावी. येथें एक बदल ध्यानांत घ्यावा. २०२१ मध्यें आलेल्या अँड्रॉइडच्या १२ व्या आवृत्तीपासून, 'एचटीटीपीएस'चा साधा दुवा अॅपमध्यें उघडावयाचा असेल तर त्या संकेतस्थळाशीं त्या अॅपचें नातें सिद्ध झालेलें असावें लागतें, अथवा मालकानें तशी मुभा द्यावी लागते. एरव्हीं दुवा ब्राउझरमध्येंच उघडतो. पूर्वीं अॅपमध्यें उघडणारा दुवा नवीन फोनवर ब्राउझरमध्यें कां जातो, याचें पुष्कळदां हेंच कारण असतें.

५. पांचवी पायरी प्रोग्रामची. तो दुव्यावांचून, स्वतः उघडून पाहावा. उघडत नसेल तर तो अद्ययावत करावा. ई-पीक पाहणीच्या बाबतींत फोनवर जुन्या हंगामाचेंच अॅप पडून असतें व नवा दुवा त्यास उमजत नाहीं, असें आमच्या पाहण्यांत आलें आहे. पैशाच्या अॅपमध्यें बँकेचें खातें जोडण्याचें काम अपुरें राहिलें असेल तर अॅप उघडतें परंतु पुढें जात नाहीं.

६. शेवटीं जागेचा विचार. सेवा केंद्राच्या अथवा कचेरीच्या संगणकावर नवे प्रोग्राम उघडण्यास बंदी घातलेली असूं शकते. तेथें आपला उपाय चालणार नाहीं. घरच्या यंत्रावर काम करावें.

पडद्यावर येणारे शब्दहि निदानास उपयोगी पडतात. 'अननोन यूआरएल स्कीम' दिसलें तर आधीं दुसऱ्या पायरीकडे पाहावें. फायरफॉक्समध्यें 'पत्ता समजला नाहीं' या अर्थाचें पान आलें तर चौथीकडे. आयफोनवर सफारी 'पत्ता अवैध आहे' असें सांगते तेव्हां बहुधा तें अॅप फोनवर घातलेलेंच नसतें. संगणकावरील क्रोम मुळींच कांहीं न बोलतां गप्प राहिला, तर तिसरी व चौथी या दोन्ही पायऱ्या पाहाव्या.

कांहीं जुन्या पानांच्या बाबतींत मात्र यांपैकीं एकहि उपाय चालणार नाहीं. पूर्वीं डिजिटल सहीसारख्या कामांसाठीं ब्राउझरच्या पोटांतच दुसरे छोटे प्रोग्राम चालत असत. क्रोमनें सप्टेंबर २०१५ मध्यें व फायरफॉक्सनें मार्च २०१७ मध्यें ती वाट बंद केली, आणि १५ जून २०२२ रोजीं इंटरनेट एक्सप्लोररचा आधारहि संपला. ज्या पानावर अजून 'इंटरनेट एक्सप्लोररमध्येंच उघडा' अशी सूचना दिसते, त्याचा दोष आपल्या यंत्राकडे नाहीं. त्या कचेरीस तसें लेखी कळवावें.

पैसे अडकले असें वाटल्यास

बटण दाबलें, अॅप उघडलें नाहीं, तर पैसे बहुधा गेलेलेच नसतात; कारण पैशाच्या अॅपमध्यें आपण मंजुरी दिल्यावांचून रक्कम सहसा हालत नाहीं. अॅप उघडून, गुप्तांक घातल्यावर मध्येंच पान बंद पडलें, तर मात्र थांबावें. पुन्हा भरण्यापूर्वीं अॅपमधील व्यवहारांची यादी व बँकेचें खातें दोन्ही पाहावीं. रक्कम वजा झाली परंतु पोहोंचली नाहीं, असें आढळल्यास भिण्याचें कारण नाहीं. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकान्वयें, व्यापारी देण्याचा असा अपुरा राहिलेला यूपीआय व्यवहार ५ दिवसांच्या आंत आपोआप परत फिरला पाहिजे, व त्यापुढील विलंबास बँकेनें खातेदारास दररोज १०० रुपये द्यावे असा नियम आहे. व्यवहाराचा क्रमांक उतरवून ठेवावा म्हणजे झालें. आणि एक गोष्ट मुलाबाळांसहि सांगून ठेवावी : पैसे घेण्यासाठीं गुप्तांक कधींच लागत नाहीं. तो देण्यासाठीं असतो.

उताऱ्याच्या कागदाविषयीं

उतारा हातीं आल्यावरहि अशीच एक शंका निघते. पीडीएफचा दुवा दाबतां तो ब्राउझरमध्येंच उघडतो, आणि आपणांस तो स्वतंत्र प्रोग्राममध्यें पाहिजे असतो. क्रोमच्या सेटिंग्जमध्यें संकेतस्थळांच्या परवानग्यांखालीं पीडीएफविषयीं निवड असते. तेथें 'डाउनलोड' ठरविलें कीं कागद यंत्रावर उतरतो, मग तो पाहिजे त्या प्रोग्राममध्यें उघडावा. बहुतेक ब्राउझर कागद दाखवितात, पण त्यावरील डिजिटल सही पडताळून पाहत नाहींत. म्हणून सहीपुढें खूण दिसली नाहीं तर उतारा खोटा ठरत नाहीं. उताऱ्यावर १६ अंकी पडताळणी क्रमांक व क्यूआर खूण असते. तिच्यावरून सरकारी संकेतस्थळावर खात्री करून घ्यावी.

अनोळखी अॅपचा मोह

सरतेशेवटीं मूळ मुद्द्याकडे येतों. दुवा उघडत नाहीं हें पाहून, तो उघडण्यासाठीं "हें अॅप घाला" असें सांगणारा जो कोणी भेटेल, त्याचें म्हणणें ऐकूं नये. पीएम-किसान योजनेचें नांव लावून संदेशांतून खोटीं अॅप्स पाठविण्याचे प्रकार ठिकठिकाणीं घडले आहेत. अशा फाइलीच्या नांवाच्या शेवटीं 'एपीके' हीं अक्षरें असतात. सरकारी अॅप पाहिजे असल्यास तें फोनच्या अधिकृत दुकानांतून, म्हणजे प्ले स्टोअरमधून, कोणी काढलें आहे तें वाचून घ्यावें. संदेशांतून आलेली फाइल घालूं नये. मदतीचा नंबर इंटरनेटवर शोधूं नये; तो त्या संकेतस्थळाच्या स्वतःच्या पानावर पाहावा. फसवणूक झालीच तर लाज न बाळगतां, क्षणाचाहि विलंब न लावतां, १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार करावी व आपल्या बँकेस कळवावें. पहिल्या तासांत दिलेल्या खबरेनें रक्कम वाटेंत अडविली जाण्याचा संभव असतो. दुसऱ्या दिवशीं तो फारच कमी होतो.

खरिपाची पीक पाहणी साधारणतः ऑगस्टच्या आरंभीं सुरू होते आणि शेतकऱ्याची पाळी सप्टेंबरच्या मध्याच्या सुमारास संपते. शेवटच्या आठवड्याची वाट न पाहतां, लावणीची धांदल संपतांच आपल्या फोनवरील अॅप्स अद्ययावत करून एकदां पाहावीं, म्हणजे ऐन वेळीं खोळंबा होणार नाहीं. ज्यांच्या घरीं संगणक जाणणारीं मुलें आहेत त्यांनीं वरील सहा पायऱ्या एका कागदावर उतरवून भिंतीस लावाव्या. त्यानेंहि काम न झाल्यास आमच्याकडे अवश्य यावें. मात्र येतांना पडद्यावर जें वाक्य आलें तें अक्षरशः लिहून आणावें, फोन कोणत्या बनावटीचा आहे व दुवा कोठून उघडला होता हें सांगावें. "कांहींच होत नाहीं" एवढ्या वर्णनावरून आम्हांसहि निदान करतां येत नाहीं. तें वाक्य हातीं असेल तर पुष्कळदां ओटीवर बसल्या बसल्याच उपाय सांपडतो.